सुकतळ्याखालची खूण

४ मार्च

आलं! ते धूड आज आलं. लाकडी खोकं उतरवायला क्रेन लागली. आम्ही सगळ्या हातातलं काम टाकून बघत उभ्या. सुपरवायझर तर नुसता नाचत होता — "सावकाश, सावकाश!" — स्वतःचं तान्हं बाळ उतरवत असल्यासारखा. बोलताना ह्याच्या पुढच्या दातांतून शीळ वाजते म्हणून आम्ही त्याला शिट्टी म्हणतो. आज शिट्टी जरा जास्तच वाजली.

खोक्यातून निघालं काय? हात! नुसता हात. खांदा, कोपर, मनगट, आणि बोटांच्या जागी ब्रश. बुटाच्या तळाला सोल्यूशन लावणार म्हणे, मग त्यावर सोल चिकटवायचा. म्हणजे माझं काम. म्हणजे वन्संचं काम.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आणि आमच्या वन्सं? मान वाकडी करून त्याच्या कोपराकडे बघत होत्या. "छान वळतं गं," म्हणाल्या. छान! नवऱ्याची थोरली बहीण पडली म्हणून गप्प बसले. लग्न होऊन ह्या घरात आले त्याच वर्षी ह्याच बाईने मला कारखान्यात नेलं, हातात ब्रश दिला, अंगठा कुठे ठेवायचा ते शिकवलं. तेव्हापासून आमची टेबलं शेजारी शेजारी. आणि आता म्हणे छान वळतं!

पान फाटलं. हल्ली वह्यांचा कागदही कांद्याच्या सालीसारखा. पेन टेकवलं की आरपार.

६ मार्च

काचेची खोली बांधतायत. त्या हातासाठी! बायकांच्या संडासाला अजून धड कडी नाही.

९ मार्च

आज डोकंच फिरलं. त्या काचेच्या खोलीच्या छताला हा एवढा नळा बसवला. माणूस आत रांगत जाईल एवढा. वाफ ओढून बाहेर टाकायला. यंत्र बसवायला एक पोरगी आली आहे — निळा डगला, केस बारीक कापलेले, कानामागे स्क्रूड्रायव्हर. तिला विचारलं, कशाला गं हे?

"काकू, सोल्यूशनची वाफ कॅमेऱ्याच्या काचेवर बसते. काच धुरकट झाली की यंत्राला बुटाची कड दिसत नाही."

काकू! मी काय हिची काकू?

म्हणजे यंत्राच्या डोळ्याला वाफ सोसत नाही. आमच्या नाकाला सोसते! किती वर्षं मागतोय आम्ही एक पंखा. साधा, भिंतीतला, हवा बाहेर फेकणारा. शिट्टीचं उत्तर ठरलेलं — "वाऱ्याने सोल्यूशन नको तेवढं सुकतं, माल खराब होतो." आज विचारलंच त्याला, तोंडावर. आता नाही का होत खराब? "ते वेगळं आहे, वहिनी." काय वेगळं आहे? यंत्र बिघडलं तर बाहेरून माणूस बोलवावा लागतो आणि आम्ही बिघडलो तर आम्हीच घरी बसतो, एवढंच वेगळं आहे.

डोकं ठणकतंय. रोजचंच आहे ते.

१२ मार्च

यंत्राला शिकवायला वन्संना निवडलं. आणि ह्या हो म्हणून मोकळ्या! मला न विचारता!

शिकवायचं म्हणजे काय, तर त्या हाताच्या मनगटाशी एक मूठ आहे. ती धरायची आणि आपण रोज जसा ब्रश फिरवतो तसा फिरवायचा. चवड्याकडून निघायचं, कडेकडेने जायचं, कमानीपाशी हात हलका करायचा, टाचेशी थांबायचं. ते सगळं लक्षात ठेवतं. एकदा दाखवलं की झालं! मला हे जमायला वर्ष गेलं होतं, आणि वन्संची बोलणी खाल्ली ती वेगळीच.

घरी येऊन भांडले. चांगली कडकडून भांडले. "स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेताय," म्हटलं. "तुमच्या पायावर खुशाल पाडा, माझ्या का?"

वन्सं दूध तापवत होत्या. म्हणाल्या, "हे टेबल कधीतरी बंद व्हायचंच होतं. लवकर झालं तर बरं." मग माझ्या हातांकडे बघत बसल्या. "पातेलं तू नको उतरवूस. मी बघते." मला सणकच आली. मी काय पाहुणी आहे ह्या घरात? उतरवलं मीच. फडकंबिडकं काही नाही, नुसत्या हाताने. माझे हात कसे आहेत ते माहीत नाही का ह्यांना — निखारा उचलतील!

नवरा टेम्पो धुऊन आत आला. "काय चाललंय?" म्हटलं, तुमच्या ताईला विचारा. "मी ह्या दोघींच्या मधे येत नाही," असं भिंतीला सांगून जेवायला बसला. शहाणा माणूस.

१३ मार्च

अबोला.

१४ मार्च

अजून अबोलाच. आणि त्यांना पत्ताच नाही मी अबोला धरलाय ते! गुणगुणत भांडी घासतायत.

२० मार्च

यंत्र सुरू झालं. बिस्किटं वाटली. मी घेतलं नाही. नंतर भूक लागली तेव्हा पुडा संपला होता.

वन्संची एक सवय आहे. टाचेशी शेवटचा हात मारला की ब्रश एकदा बाहेरच्या बाजूला झटकतात. उगाचच. मी किती वेळा चिडवलंय — वन्सं, माशी हाकलताय का? आज यंत्राने पहिला बूट केला, टाचेशी आलं, थांबलं, आणि झटका! हाकलली माशी! सगळ्या खो खो हसल्या. मीसुद्धा हसले. मग मला रडूच फुटलं, रागाने. हात घेतला तो घेतला, सवयपण उचलली!

यंत्रवालीने विचारलं, "मावशी, हा झटका काढून टाकू? वेळ जातो त्यात." वन्संना मावशी, मला काकू. ह्या पोरीला नाती वाटायला कोणी सांगितलीयत? वन्सं म्हणाल्या, "राहू दे गं. तेवढीच माझी आठवण." ऐका! धडधाकट बाई आणि बोलणं असं.

बाकीच्या बायकांना शिलाईकडे आणि पॅकिंगकडे हलवलं. हाताची टेबलं दोनच ठेवली — वन्संचं आणि माझं. अर्धा माल यंत्र करणार, अर्धा आम्ही. शिट्टी म्हणाला, "दोन्हीकडचा माल दुकानांत जाऊ दे. कोणाचा परत येतो ते बघू. मग ठरवू टेबलं ठेवायची की नाही."

ठीक आहे. होऊन जाऊ दे! वन्संचं टेबल मी जाऊ देणार नाही. त्यांना स्वतःला नसेल चाड, मला आहे.

३ एप्रिल

यंत्राच्या मालावर आत शिक्का मारायला सांगितलंय. हाताच्या मालावर काही नाही. नकोच आम्हाला. आमची खूण आहे की!

ही आमची जुनी रीत. शिट्टीच्याही आधीची. सगळ्यात शेवटी बुटात सुकतळा घालायचा, त्याच्या आधी आतल्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने आपली खूण करायची. बूट घालून हिंडणाऱ्याला ती कधीच दिसत नाही. आपल्याला माहीत असली की पुरे. माझी एक आडवी रेघ. वन्संची फुली. नवी होते तेव्हा मी कुरकुरले होते, मला एकच रेघ का? तर म्हणाल्या, "तू धाकटी. धाकटीला एक, थोरलीला दोन."

सुकतळे मात्र दोघींचे त्याच घालतात, सुटी व्हायच्या आधी. मला त्या शेवटच्या चिकटवाचिकटवीचा कंटाळा.

पेन्सिलीचं टोक आज पुन्हा तुटलं. सारखं तुटतं! वन्संची तसलीच पेन्सिल झिजता झिजत नाही. मलाच नेमका भुसकट माल मिळतो.

११ एप्रिल

चारचौघींत अपमान. सोल्यूशन लावलं की थांबायचं. ओलं असताना सोल दाबला तर चार दिवसांत उघडतो. सुकलं की नाही ते बोटाच्या मागच्या बाजूने बघायचं — बोटाला लागता कामा नये, पण किंचित ओढलं पाहिजे. हे मला झोपेत कळतं! तर आज मी सोल उचलला आणि वन्सं आपलं टेबल सोडून आल्या, माझ्या बुटाला बोट लावलं.

"थांब जरा. ओलं आहे."

"सुकलंय."

"नाही गं. पुन्हा बघ."

"वन्सं, मला नका शिकवू. यंत्राला शिकवलंत तेवढं पुष्कळ झालं."

सगळ्यांनी ऐकलं. ऐकू दे. त्या गुपचूप जाग्यावर गेल्या. माझ्याकडे बघत होत्या मधूनमधून. मी सोल दाबला आणि पुढचा बूट घेतला.

२६ एप्रिल

नवऱ्याच्या शर्टाचं बटण लावायला बसले. सुई हातात ठरेल तर शपथ. सटकते, पडते, सापडत नाही. सुयासुद्धा तेलात बुडवून विकतात की काय! शेवटी त्यानेच लावलं, बोट टोचून घेत आणि बोंबलत.

१४ मे

हा! आलं पोतं परत! दुकानांतून माल परत आला. सोल उघडलेले, बुटांनी जांभया दिल्यासारखे. मी मुद्दाम काचेच्या खोलीजवळून फेरी मारली. यंत्र आपलं चाललंय, माशी हाकलतंय. हाकल बाबा, थोडे दिवस राहिलेत तुझे.

यंत्रवालीचं तोंड उतरलेलं. बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

वन्सं जेवल्या नाहीत. "काय झालं?" "काही नाही, ऊन लागलं." आनंद व्हायचा सोडून ऊन लागलं!

१५ मे

शिट्टी पोतं गोदामात ढकलून मोकळा होत होता. "बघू सावकाश." सावकाश? यंत्राची अब्रू झाकायला सावकाश! मी गोदामाच्या दारात उभी राहिले. म्हटलं, सगळ्यांसमोर उघडा. सुकतळे वर करा. शिक्का दिसू दे सगळ्यांना. बायका माझ्या मागे जमल्या. शिलाईवाल्याही आल्या. शिट्टी घामाघूम. "बरं बरं, उद्या उघडतो," म्हणाला.

वन्संनी माझा दंड धरला. "जाऊ दे ना. सोड." मी हात सोडवून घेतला. कोणासाठी करतेय मी हे? माझ्यासाठी?

घरी येतानाही तेच. "अजून सांग त्याला, राहू दे म्हणून." ह्या बाईचं काय करावं!

१६ मे

लिहायचं नव्हतं आज. पण सांगू कोणाला?

मोठ्या टेबलावर पोतं ओतलं. सगळा कारखाना गोळा. शिट्टीने सुरीने पहिला सुकतळा उचकटला. शिक्का नाही. फुली.

दुसरा. फुली.

तिसरा. फुली. मला वाटलं चूक आहे, पोतं बदललंय. मीच सुरी हिसकावली. अंगठा कापला वाटतं, पुठ्ठ्यावर रक्त सांडलेलं नंतर बघितलं. फुली. फुली. शिक्क्याचा एक बूट नाही. माझ्या रेघेचाही एक नाही.

मग वन्संच बोलल्या, हवापाण्याचं बोलावं तशा. "माझाच माल आहे तो. हल्ली बोटांना कळत नाही मला. ओलं की सुकं, समजतच नाही. सांगायला हवं होतं."

आणि तो शिट्टी माझ्याकडे वळून म्हणतो कसा, "वहिनी, तुमचा एकही नाही हं! शाब्बास."

जमिनीने गिळलं असतं तर बरं. मीच उघडायला लावलं. मीच दारात उभी राहिले. त्या सांगत होत्या — सोड, जाऊ दे — आणि मी ऐकेन तर ना! माझी जीभ कोणी हासडून द्या.

१७ मे

मॅनेजरच्या खोलीत घुसले. शिपाई "थांबा, थांबा" करत राहिला. मॅनेजर म्हणाला, बसा. म्हटलं, बसायला नाही आले.

"ज्या वाफेने तुमच्या कॅमेऱ्याची काच जाते ना, त्याच वाफेने आमच्या वन्संची बोटं गेली! काचेला नळा बसवलात. माणसाला पंखासुद्धा नाही! काच महाग होती का?"

तो म्हणाला, "डॉक्टरांकडे पाठवू." म्हटलं, आता? आधी काय झोपला होतात? टेबलावर हात आपटला. पेपरवेट उडाला. त्याच्या चहाचा कप लवंडला आणि चहा माझ्या हातावर सांडला. तोच ओरडला — "अहो, गरम आहे!" मी ओरडतच राहिले. चहाकडे बघायला वेळ कोणाला होता!

यंत्रवाली दारात उभी होती. मधेच म्हणाली, "साहेब, काकू बरोबर बोलतायत. हा नळा टेबलांवरपण बसवता आला असता." मी तिच्याकडे बघितलं. पोरगी वाईट नाही.

बाहेर मला बाजूला घेऊन म्हणाली, "मावशींनी शिकवायच्या आधीच अट घातली होती. टेबलं बंद झाली की माझ्या भावजयीला काचेच्या खोलीत यंत्रापाशी घ्यायचं. म्हणाल्या, तिथे वास नाही."

झालं! मला न विचारता माझीही सोय लावून मोकळ्या. स्वतःची लावायची होती की! बोटं कोणाची गेली?

१८ मे

टेबलं बंद. ब्रश धुऊन डब्यात उलटे ठेवले. वन्सं आजपासून पॅकिंगला. मी काचेच्या खोलीत, यंत्राच्या तोंडी बूट द्यायला. वास नाही तिथे, खरंच नाही. दिवसभर डोकं दुखलं नाही ह्याचाही राग आला.

निघताना त्या पोत्यातला एक जोड पिशवीत टाकला. का, ते माहीत नाही. टाकला.

२० मे

सुटी. वन्सं खिडकीपाशी बसून उशीला टाके घालत होत्या. दोरा संपला. नवा घेतला, जिभेने ओला केला, सुईत ओवला. एका फटक्यात! खिडकीबाहेर बघत, सुईकडे न बघता. मग मला बघितलं आणि सुई पदरात घातली.

मी काही बोलले नाही. मी! आत गेले, तो जोड काढला, सुकतळा पुरता उचकटला, उजेडात धरला.

आडवी रेघ खोल आहे. पुठ्ठ्यात चर पडलाय, टोक तुटल्याचा ठिपका आहे शेवटी. उभी रेघ हलकी, नाजूक, आडवीच्या वरून नंतर ओढलेली. दुसरा बूट बघितला. तसंच. ह्या वहीचं लिहिलेलं पान उलटून मागून हात फिरवला. नवऱ्याला बोलावून विचारलं, इथे काही लागतं का हाताला? म्हणाला, "लागतं म्हणजे? प्रत्येक अक्षर वर आलंय. लिहितेस की खणतेस?"

मला नव्हतं लागलं.

म्हणजे ह्या बाईने सुकतळे घालताना माझा माल आपल्या नावावर — नाही! काहीतरीच! माझे हात चांगले आहेत. निखारा उचलतील. सुया खराब आहेत, पेन्सिली भुसकट आहेत. असला मोठेपणा मला नकोय! कोणी सांगितलं होतं ह्यांना? उद्या विचारते. तोंडावर विचारते.

२१ मे

सकाळी बूट त्यांच्यापुढे आपटला. म्हटलं, बोला. त्यांनी पदराची सुई काढली. "डोळे मिट. बोट दे."

मिटले. दिलं. वाट बघितली. बाहेर टेम्पो सुरू झाला, गेला. डोक्यात तिडीक गेली माझ्या. "टोचा की एकदाची!"

"टोचली गं," त्या म्हणाल्या.